कलामहर्षी बाबूराव पेंटर

प्रस्तावना

शेतकरी, गिरणी कामगार, कर्जबाजारी कुटुंब अशी माणसे चित्रपटाच्या पडद्यावर पाहण्याची आज आपल्याला सवय झाली आहे. भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या काळात मात्र पडद्यावर प्रामुख्याने देव, ऋषी, राजे आणि योद्धे यांचाच वावर होता. प्रेक्षकगृहात बसलेल्या सामान्य माणसाला स्वतःचे जीवन पडद्यावर क्वचितच दिसत असे. १९२५ मध्ये कोल्हापूरच्या एका कलावंताने कर्जात बुडालेल्या एका साध्या शेतकऱ्याला आपल्या चित्रपटाचा नायक केले. त्या कलावंताचे नाव बाबूराव पेंटर. त्यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

मूळ पाठ

कारागिराच्या घरातील कलावंत

बाबूराव पेंटर यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम, कोरीवकाम अशा अनेक कामांत त्यांचा हात चालत असे. लाकडाची प्रत, धातूचा स्वभाव आणि हत्याराची धार यांचे ज्ञान बाबूरावांना घरातच मिळाले. कोणत्याही कलाशाळेत त्यांनी पद्धतशीर शिक्षण घेतले नाही. पाहावे, करून पाहावे, चुकले तर मोडावे आणि पुन्हा करावे, हीच त्यांची शिकण्याची रीत होती. याच रीतीने ते चित्रकला शिकले आणि शिल्पकलाही शिकले.

त्या काळी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांची राजवट होती. संगीत, नाटक, चित्रकला आणि कुस्ती यांना तेथे राजाश्रय लाभला होता. नाटक मंडळ्यांना राजवाडा, अरण्य, रस्ता अशी दृश्ये रंगवलेले मोठमोठे पडदे लागत. बाबूराव आणि नात्याने त्यांचे बंधू असलेले आनंदराव यांनी हे काम हाती घेतले. त्यांचे पडदे इतके हुबेहूब असत की नामवंत नाटक मंडळ्यांकडून त्यांना मागणी येऊ लागली. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठीही त्यांनी पडदे रंगवले. या व्यवसायामुळे लोक दोघांनाही पेंटर म्हणू लागले आणि मिस्त्री हे आडनाव मागे पडले.

स्वतःच्या हातांनी घडवलेला कॅमेरा

३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला. या चित्रपटाने पेंटर बंधूंच्या मनात नवे स्वप्न जागे केले. आपण रंगवलेला पडदा स्थिर असतो. येथे तर चित्रच चालते, हसते, रडते. आपणही असा चित्रपट काढावा, असे त्यांना वाटू लागले. परंतु त्यासाठी लागणारा कॅमेरा परदेशातून मागवावा लागे. पडदे रंगवणाऱ्या कारागिरांच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती.

दोघा भावांनी चित्रपट दाखवण्याचे एक जुने यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, मिळवले. त्यावर खेळ करून थोडे पैसे मिळत, परंतु त्यांचा खरा हेतू यंत्राचा अभ्यास करणे हा होता. हे यंत्र कसे चालते? फिल्मची पट्टी सलग सरकत नाही. ती क्षणभर थांबते, तेवढ्यात एक चित्र पडद्यावर पडते. मग झडप बंद होते आणि पट्टी एका चित्राएवढी पुढे सरकते. मूकपटांच्या काळात एका सेकंदात साधारणपणे सोळा वेळा हे घडत असे. कॅमेऱ्यातही पट्टीची चाल अशीच असते. फरक इतकाच की प्रोजेक्टरमधून प्रकाश बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात तो आत येतो. हे मर्म हाती आल्यावर असे यंत्र आपल्यालाही घडवता येईल, असा विश्वास दोघांना वाटला आणि ते कामाला लागले.

दुर्दैवाने १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांचा सोबती आणि सहकारी एकाच वेळी गेला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य यंत्रकामात विलक्षण हुशार होते. त्यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी प्रयोग चालू ठेवले. दाते कापलेली चाके, झडप, फिरवण्याचा दांडा हे सर्व भाग अचूक जुळवावे लागत. पट्टी केसभर जरी पुढेमागे सरकली तरी चित्र थरथरत असे. अखेर १९१८ मध्ये कॅमेरा चालू लागला.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कॅमेऱ्याच्या या खटपटीबरोबरच बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. गायिका तानीबाई कागलकर यांनी त्यासाठी आर्थिक साहाय्य दिले. बँका किंवा मोठे भांडवलदार ज्या धंद्याकडे पाहायलाही तयार नव्हते, त्या धंद्यात एका गायिकेने आपला पैसा घातला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. महाभारतातील कीचकवधाची ही कथा होती. त्या काळी चित्रपटात काम करणे स्त्रियांसाठी कमीपणाचे मानले जाई. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनीच केल्या होत्या. बाबूरावांनी मात्र स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन अभिनेत्री अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. समाजाची बोलणी सोसून त्यांनी हे काम केले. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की प्रेक्षक घाबरून गेले आणि पुढे ते दृश्य वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा गौरव केला आणि त्यांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

कंपनीत सर्वांनी सर्व कामे करावीत, अशी पद्धत होती. सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, अभिनय यांत भेदभाव नव्हता. दामले आणि चित्रकार शेख फत्तेलाल हे बाबूरावांचे उजवे-डावे हात होते. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे हा तरुण पडेल ते काम करण्यासाठी कंपनीत आला. हाच तरुण पुढे व्ही. शांताराम या नावाने देशभर प्रसिद्ध झाला.

बाबूरावांची दृष्टी चित्रकाराची होती. चित्रीकरणापूर्वी ते पात्रांचा वेश, त्यांची उभे राहण्याची ढब आणि हालचाल कागदावर रेखाटत. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेली नेपथ्यरचना उभी केली. १९२३ च्या ‘सिंहगड’ या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करून रात्रीची दृश्ये टिपली. ‘कल्याण खजिना’ हा त्यांचा १९२४ चा चित्रपट लंडनजवळील वेम्बली येथील प्रदर्शनात गौरवला गेला. चित्रपटाची रंगीत भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. कथेची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढण्याची प्रथाही त्यांनीच पाडली.

‘सावकारी पाश’

पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांमुळे कंपनीला नाव आणि पैसा दोन्ही मिळत होते. याच मार्गाने पुढे जाणे व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचे होते. परंतु १९२५ मध्ये बाबूरावांनी वेगळी वाट धरली. कादंबरीकार नारायण हरी आपटे यांच्या कथेवर त्यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला.

या चित्रपटाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या शेतकऱ्याची स्थिती जाणून घेतली पाहिजे. पाऊस दगा देई, सारा मात्र ठरल्या वेळी भरावा लागे. बियाणे, बैल, घरातले लग्न किंवा आजारपण यांसाठी शेतकरी सावकाराच्या दारात जाई. कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवी आणि व्याजावर व्याज चढत जाई. एक दिवस जमीनच सावकाराच्या नावावर होऊन जाई. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे संतापलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडील खतपत्रे हिसकावून जाळली. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची आणि त्याच्या अज्ञानाची कारणे मांडली. तरीही सावकारीचा फास सुटला नाही. जमीन गेलेला माणूस मुंबईची वाट धरी. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगार राबत होते. त्यांतील फार मोठा भाग कोकणातून आणि सातारा, कोल्हापूर या घाटावरच्या भागांतून आलेला होता.

‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याची कथा हीच होती. सावकाराच्या कर्जापायी त्याची जमीन जाते, गाव सुटते आणि पोटासाठी तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. सावकाराच्या भूमिकेत झुंजारराव पवार होते. या कथेत कोणताही देव संकटात धावून येत नाही. तिच्यातले दुःख माणसानेच निर्माण केलेले आहे आणि ते माणसालाच भोगावे लागते.

या कथेच्या पडद्यावरील मांडणीतील एक दृश्य जाणकारांच्या स्मरणात राहिले. अंधारी, ओसाड झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे.  उद्ध्वस्त झालेल्या घराची सारी वेदना त्या दृश्यातून पाहणाऱ्याच्या मनाला भिडत असे. मंद प्रकाश आणि दाट सावल्या यांचा असा अर्थपूर्ण उपयोग तेव्हा आपल्याकडे नवा होता. गिरणी, हरताळ आणि श्रमिक यांचा विषय १९२५ च्या सुमारास जगात इतरत्रही पडद्यावर येत होता. रशियात सर्गेई आयझेनस्टाइन यांचा संपावर गेलेल्या कामगारांचा चित्रपट १९२५ मध्येच प्रदर्शित झाला. कोल्हापूरच्या कारागिराने आपल्या मातीतील प्रश्न घेऊन स्वतःच्या बळावर याच दिशेने पाऊल टाकले होते.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मूकपटात मधूनमधून पडद्यावर मजकूर येत असे. प्रेक्षकांतील अनेकांना तो वाचता येत नसे. वाचता येणारा माणूस तो मोठ्याने वाचून दाखवी. परंतु झोपडी, रिकामे शेत आणि गाव सोडणाऱ्या माणसाची पाठ यांचा अर्थ समजण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. ज्या माणसाला गहाणखत वाचता आले नाही म्हणून जमीन गमवावी लागली, त्याला स्वतःची कहाणी चित्रांतून वाचता येणार होती. चित्राच्या या सामर्थ्यावर बाबूरावांचा पूर्ण विश्वास होता.

तरीही ‘सावकारी पाश’ला धंद्याच्या दृष्टीने यश मिळाले नाही. चमत्कार, युद्धे आणि भरजरी दरबार पाहण्यासाठी येणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यावर आपलेच दारिद्र्य पाहणे रुचले नाही. दिवसभर कष्ट करून दोन घटका विसाव्यासाठी आलेल्या माणसाला त्याबद्दल दोष देता येणार नाही. कंपनीला मात्र पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळावे लागले.

उत्तरायुष्य

कालांतराने कंपनीत मतभेद निर्माण झाले. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले सहकारी बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शिष्य निघून गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीला उतरती कळा लागली. १९३० च्या ‘लंका’ या मूकपटानंतर काही काळातच ती बंद पडली.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. बोलपटाविषयी बाबूरावांना फारसे प्रेम वाटत नव्हते. शब्दांचा आधार मिळाला की चित्राची भाषा दुबळी होईल, अशी त्यांची धारणा होती. तरी काळाबरोबर त्यांनी काही बोलपट काढले. त्यांची ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) ही नावे विशेष प्रसिद्ध आहेत. या दोहोंच्या मधल्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा एकदा, बोलपटाच्या रूपात काढला. ज्या विषयाने अकरा वर्षांपूर्वी तोटा पदरी घातला होता, तोच विषय त्यांनी पुन्हा हाती घेतला. शेतकऱ्याचे दुःख ही त्यांच्या दृष्टीने एका वेळची हौस नव्हती, हे यावरून दिसते. पुढे शांताराम यांच्या राजकमल संस्थेच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता.

चित्रपटापासून दूर असताना बाबूराव आपल्या मूळ कलेकडे, चित्र आणि शिल्पाकडे वळले. ज्या गावात त्यांनी कॅमेरा घडवला, त्या कोल्हापुरातच १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले. लोक त्यांना आदराने ‘कलामहर्षी’ म्हणतात.

बाबूरावांचा वारसा

बाबूरावांची परंपरा त्यांच्या शिष्यांनी पुढे नेली. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात संताबरोबरच त्याच्या घरातील चूल, शेण-गोठा आणि ओढाताण दिसते. या चित्रपटाचा व्हेनिस येथील महोत्सवात गौरव झाला. शांताराम यांनी ‘कुंकू’ (१९३७) मध्ये वृद्ध विधुराशी लग्न लावून दिलेल्या मुलीचा लढा मांडला. त्याची मूळ कादंबरीही ‘सावकारी पाश’च्या कथाकाराचीच, म्हणजे नारायण हरी आपटे यांची होती. ‘माणूस’ (१९३९) मध्ये शांताराम यांनी समाजाने दूर लोटलेल्या वेश्येच्या जीवनाकडे सहानुभूतीने पाहिले. १९५३ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ या हिंदी चित्रपटात कर्जापायी जमीन गमावण्याची पाळी आलेला शेतकरी कलकत्त्यात रिक्षा ओढताना दिसला. त्या चित्रपटाचा जगभर सन्मान झाला. पडद्यावरील अशा शेतकऱ्याची कहाणी कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सांगून झाली होती.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही. त्या काळच्या फिल्मची पट्टी लवकर पेट घेई आणि नीट जपली नाही तर नासून जाई. भारतातील बहुतेक मूकपट अशा रीतीने नष्ट झाले. या चित्रपटाची माहिती आता केवळ लेखांतून आणि आठवणींतून मिळते. मात्र त्याने दाखवलेली वाट पुसली गेली नाही. जो माणूस कागदावर केवळ अंगठ्याचा ठसा म्हणून उरत होता, त्याला बाबूरावांनी पडद्यावर चेहरा दिला. तेही स्वतःच्या गावात राहून आणि स्वतःच्या हातांनी घडवलेल्या साधनांच्या आधारे. हेच त्यांच्या कार्याचे खरे मोल आहे.

शब्दार्थ

मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
बोलपट – आवाजासह असलेला चित्रपट
राजाश्रय – राजाकडून मिळणारा आधार
नेपथ्य – नाटक-चित्रपटातील देखाव्याची मांडणी
सारा – जमिनीवरील सरकारी कर
पाश – फास, बंधन
खतपत्रे – कर्जाच्या व्यवहाराचे कागद
गहाणखत – जमीन किंवा वस्तू तारण ठेवल्याचा लेख
हरताळ – काम बंद ठेवणे
उतरती कळा लागणे – ऱ्हास सुरू होणे

स्वाध्याय

१. बाबूराव मिस्त्री यांना पेंटर हे नाव कसे मिळाले?
२. प्रोजेक्टरच्या अभ्यासाचा कॅमेरा घडवताना कसा उपयोग झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. स्त्रीभूमिकांच्या बाबतीत बाबूरावांनी कोणती नवी वाट धरली?
४. ‘सावकारी पाश’ हा चित्रपट त्या काळच्या इतर चित्रपटांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळा होता?
५. लिहिता-वाचता न आल्यामुळे व्यवहारात कोणती हानी होऊ शकते? तुमच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे आठ-दहा ओळी लिहा.
६. तुमच्या भागातील कष्टकऱ्यांच्या जीवनावर चित्रपट काढायचा झाल्यास त्यात कोणता विषय घ्यावा, असे तुम्हाला वाटते? कारणांसह सांगा.